गोव्यात बसून काम: धड लॅपटॉप नाही, धड समुद्र नाही

अर्धाचहा (११ फेब्रुवारी, रात्री ११:५२)

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आता गळ्याशी आलंय म्हणून पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी पुण्याचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. कंपनीने कुठूनही काम करायची मुभा दिली. मग शेजारच्या बांधकामाचं ड्रिल ऐकत घरात कशाला बसायचं, म्हणून मांद्र्याला महिनाभर खोली घेतली. आज एकोणिसावा दिवस.

पहिल्या आठवड्यात शॅकवर बसून काम करून पाहिलं. उन्हात स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं. एका लिंबू सोड्यावर तीन तास काढले तर वेटरने चार वेळा येऊन 'आणखी काही?' विचारलं. एस आणि डी या बटणांखाली वाळू गेली, आता एस दाबला की करकर वाजतो. मग खोलीत पलंगावर बसून काम सुरू केलं, तर पाठ धरली. जागा बदलून बघू म्हणून तीन रात्री पाळोळे, दोन रात्री हरमल. दोन्हीकडे पहिला अर्धा दिवस वायफायचा पासवर्ड आणि चालू असलेला प्लग शोधण्यात गेला.

क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. रोजची मीटिंग संध्याकाळी ७ ला, ती कधीकधी साडेदहापर्यंत लांबते. म्हणजे दिवस मोकळा, आणि तो मोकळा आहे हीच पंचाईत. सकाळी वाटतं दुपारी करू. दुपारी उकडतं. चारला वाटतं आता सूर्यास्त बघूनच बसू. सूर्यास्ताला पाय पाण्यात आणि डोक्यात न तपासलेल्या टेस्ट केसेसची यादी. मंगळवारी समुद्राला फसवल्यासारखं वाटतं, शनिवारी कंपनीला.

एकाग्रतेची दोन ॲपही घेतली. एकात झाड वाढतं आणि मोबाइल हातात घेतला की मरतं. माझं अख्खं जंगल साफ झालंय.

जे लोक महिनोन्‌महिने फिरत फिरत काम करतात ते नक्की करतात काय? शिस्तीवर भाषण नको, ते आई रोज फोनवर देते.

बोंबीलभाऊ (१२ फेब्रुवारी, सकाळी ८:०४)

एका लिंबू सोड्यावर तीन तास? त्या वेटरनेही कुठेतरी धागा काढला असेल. 'गिऱ्हाईक उठत नाही, घरगुती उपाय सुचवा.'

पेठेबाहेरचा (१२ फेब्रुवारी, सकाळी ९:१५)

पोमोदोरो करून पाहा. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर वापरून ही पद्धत काढली. पोमोदोरो म्हणजे टोमॅटो. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी विश्रांती. खरी मेख अशी की त्या २५ मिनिटांत दुसरं काही आठवलं तर ते कागदावर लिहून बाजूला ठेवायचं, उठायचं नाही. मी चार वर्षं वापरतोय. मोबाइलवरचं टायमर नको, किल्लीचं घ्या. मोबाइल हातात घेतला की टोमॅटो नासला.

गुळपापडी (१२ फेब्रुवारी, सकाळी ९:४०)

हरमलला हा प्रयोग केलाय. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं समुद्र. पहिल्या पाचाची पन्नास झाली. टोमॅटोची चटणी.

माडाखालचा (१२ फेब्रुवारी, दुपारी १२:५०)

पात्रांव, मी फोंड्याचा. घरात मराठी आणि कोंकणी दोन्ही, तेव्हा भाषा सरमिसळ झाली तर चालवून घ्या.

तुम्ही लोक गोव्यात येता आणि पहिल्या दिवशी म्हणता, 'वा, इथे कसं सगळं सुशेगाद!' हा शब्द पोर्तुगीज सोसेगादोवरून आला, अर्थ शांत, निवांत. आळशी नव्हे. आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे भट्टीपुढे उभा असतो आणि सहाला सायकलचा भोंगा पों पों करत दारात. संध्याकाळी पुन्हा. मध्ये झोपतो तो. दुपारी एकला गावातली दुकानं बंद होतात, ती चारच्या सुमाराला उघडतात. बाहेरच्याला वाटतं हे कामच करत नाहीत. अहो, सकाळी सातपासून केलेलं काम तुम्हाला दिसलंच नाही, तुम्ही दहाला उठलात!

तुमच्या वेळापत्रकात चूक एकच. गाव जागं असतं तेव्हा तुम्ही झोपता आणि गाव झोपतं तेव्हा लॅपटॉप उघडता. फेब्रुवारीत दुपारी दोनला पत्र्याच्या खोलीत कोणाचं डोकं चालेल? माझ्या आजीचंही चालायचं नाही, आणि तिच्या हाताखाली दोन कुळागरं, म्हणजे माडा-पोफळीच्या बागा, होती.

असं करा. पोदेराच्या भोंग्याला उठा, गरम उंडे (गोल पाव) घ्या, चहात बुडवा आणि साडेसहाला बसा. साडेबारापर्यंत सहा तास होतात. मग जेवा, झोपा, लाज बाळगू नका. साडेतीन ते पाच किरकोळ कामं. मग समुद्रावर जा, लॅपटॉप घरी ठेवून. सातला तुमची मीटिंग. टायमर विकत घ्यायला नको, भोंगा फुकट आहे.

आणि एक टेबल घ्या हो. पलंगावर बसून माणूस आजारी पडतो, नाहीतर झोपी जातो.

गुळपापडी (१२ फेब्रुवारी, दुपारी १:०२)

पोमोदोरो नव्हे, पोदेरोडोरो! हसून हसून पुरेवाट.

पेठेबाहेरचा (१२ फेब्रुवारी, दुपारी १:३०)

तत्त्व एकच आहे. :)

वायरमन (१२ फेब्रुवारी, दुपारी ४:२०)

मन एकाग्र करण्यावर इथे तज्ज्ञ बरेच आहेत, मी तारांवर बोलतो. लक्ष उडण्यामागे निम्म्या वेळा मन नसतं, राउटर असतो. मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला की माणूस पुढचा तासभर त्याच धास्तीत असतो.

खोली ठरवण्याआधी मालकाला वायफाय आहे का, असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. तुमच्या मीटिंगच्या वेळेला, म्हणजे संध्याकाळी सातला, त्याच खोलीतून स्पीड टेस्ट करून फोटो पाठवायला सांगा. सकाळी अकराला सगळीकडे छान येतो. अपलोडचा आकडा पाहा. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस सलग मिळाले तरी भागतं, पन्नास येऊन दर मिनिटाला शून्य होत असतील तर उपयोग नाही.

वीज. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी पुस्तकाएवढा छोटा यूपीएस मिळतो, दोन-तीन तास निभावतो. आधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. माझ्या मेव्हण्याने ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावला आणि मग मला फोन लावला. दुरुस्तीसाठी वीज कधी, कुठे बंद राहणार हे इथल्या पेपरांत आदल्या दिवशी छापून येतं. शेजाऱ्यांचा पेपर चाळत जा. सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा आणि कोणतं चालतं ते शेजाऱ्यांना विचारा. घरमालक मोठ्या शहरात राहत असेल तर त्याला माहीत नसतं.

जूननंतर राहणार असाल तर आणखी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक चार महिन्यांत. लॅपटॉप बॅगेत बंद करून ठेवला तर बॅगेला बुरशी येते. वापरात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

शेवटचं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे जातात. तुमची ७ ची मीटिंग ६ ला येईल आणि तेव्हा इथे सूर्य मावळतो साडेसहानंतर. माडाखालचा यांचं वेळापत्रक त्या दिवशी कोसळणार. आत्ताच सांगून ठेवतो.

अर्धाचहा (१२ फेब्रुवारी, दुपारी ४:४१)

वायरमन, हे डोक्यातच आलं नव्हतं. आता मार्चचीही चिंता. धन्यवाद की काय म्हणू?

खडूस_मॅनेजर (१२ फेब्रुवारी, रात्री ९:१०)

आयडीवर जाऊ नका, मी खरोखरच मॅनेजर आहे. माझ्या टीममध्ये अकरा जण. गेल्या वर्षी दोघे असेच 'कुठूनही' काम करायला गेले. एकाचं काम उत्तम, एकाचं बंद. उत्तम काम करणारा कुठे होता हे मला त्याने परत आल्यावर सांगितलं. दुसऱ्याच्या पाठीमागे रोज वेगळा माड हलत असायचा.

माझं मत कडू लागेल. प्रवास हे एक काम आहे आणि नोकरी हे दुसरं. गाडी ठरवणं, खोली शोधणं, सामान भरणं, जेवायचं कुठे, हे सगळं डोक्यातल्या त्याच कप्प्यातून खर्च होतं जिथून तुम्ही बग शोधता. सरळ दहा दिवस रजा घ्या, मनसोक्त फिरा, परत या आणि काम करा. कॅमेऱ्यात माड कशाला?

सोलकढी (१२ फेब्रुवारी, रात्री १०:३५)

मॅनेजरसाहेब, रजा शिल्लक असती तर हा धागा निघाला असता का? माझ्या रजा मुलांच्या तापात संपतात. तुम्हा एकट्या जिवांना निवडायला मांद्रे, पाळोळे, हरमल. आम्ही जातो ते कुलदैवताला.

तरीही माझा अनुभव सांगते, कारण तो उलटा आहे. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचा नवस होता म्हणून आम्ही मंगेशीला आठ दिवस अग्रशाळेत राहिलो. मी भाषांतराची कामं करते आणि नेमकी ऐंशी पानं अंगावर होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अग्रशाळा म्हणजे देवळाच्या आवारातल्या, भक्तांनी उतरायच्या खोल्या. आमच्या खोलीत दोन खाटा, एक लाकडी टेबल, एक खुर्ची. टीव्ही नाही. मांसमच्छी अर्थातच नाही. रात्री फाटक बंद.

पहाटे चौघडा वाजला की जाग यायची. नवरा मुलांना तळीवर मासे दाखवायला न्यायचा आणि मी दुपारच्या आरतीच्या घंटेपर्यंत लिहायची. घंटा झाली की उठायचंच, कारण नंतर जेवण संपतं. आठ दिवसांत ऐंशी पानं झाली. पुण्यात तीन आठवडे लागले असते. सोमवारी पालखी होती, त्या संध्याकाळी लॅपटॉप उघडला नाही, पण तेव्हा मन खात नव्हतं. सगळं आवारच उठून पालखीमागे चाललेलं. एकटी मीच आत बसले असते तर मन खाल्लं असतं.

तेव्हा जागा मोहाची असेल तर काम होत नाही, इतकं साधं असावं. शॅकवर बसून टेस्टिंग म्हणजे मिठाईच्या दुकानात बसून उपास.

बोंबीलभाऊ (१२ फेब्रुवारी, रात्री १०:५०)

आठ दिवस मासे फक्त तळीत बघायचे? गोव्यात? याला एकाग्रता नाही, तपश्चर्या म्हणतात.

फेरीबोट (१३ फेब्रुवारी, सकाळी ७:५५)

गंमत वाटते वाचून. मी दहा वर्षं गोव्यात रोज काम करते, 'गोव्यात लक्ष कसं लागतं' असं मला कोणी विचारलं नाही. बेतीहून फेरीने पणजी, मग चालत ऑफिस. आमच्याकडेही फाइल, साहेब, उशीर हेच असतं. मांडवी दिसते, पण खिडकीकडे पाठ करून बसावं लागतं, नाहीतर स्क्रीनवर उजेड पडतो.

एक कामाचं सांगते. घरून काम असतं त्या दिवशी मी पणजीतच पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसते. कृष्णदास शामा यांचं नाव दिलेलं. इमारत नवी, पण ग्रंथालय १८३२ चं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. जवळजवळ दोनशे वर्षांची गप्प बसायची सवय आहे त्या जागेला. फोनवर बोलता येत नाही हाच फायदा. आजूबाजूला स्पर्धा परीक्षेची मुलं मान खाली घालून बसलेली असतात, त्यांच्यासमोर रील बघायला लाज वाटते.

मांद्र्याहून रोज येणं जमणार नाही, पण आठवड्यातून एकदा, डोकं लावायचं काम असेल त्या दिवशी जमेल. म्हापशाला बस बदलायची.

अवांतर: माझा दिवसातला सगळ्यात एकाग्र वेळ फेरीवरचा. बसायचं तर काही नसतं, रेलिंगला टेकून उभं राहायचं. मोबाइल बाहेर काढत नाही, एकदा मांडवीला अर्पण केलाय.

खिडकीची_सीट (१३ फेब्रुवारी, सकाळी १०:१२)

प्रवासात काम, यावर माझे २ पैसे. मांडवी एक्स्प्रेसने गोव्याला निघालो होतो. म्हटलं दिवसभराची गाडी, आरामात काम होईल. दुपारी क्लायंटला डेमो लावला. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत हे शाळेत पाठ केलं होतं, पण डेमोच्या दिवशी आठवलं नाही. मी 'आता मी बटण दाबतो' म्हणालो आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटर! बाहेर आलो तेव्हा मीटिंगमध्ये माझ्याशिवाय कोणीच नव्हतं.

त्यानंतर कटलेट घेतलं, मग ऑम्लेट, मग इडली-वडा. त्या गाडीत खाणं हेच पूर्णवेळ काम आहे.

गुळपापडी (१३ फेब्रुवारी, सकाळी १०:२०)

मांडवीत लॅपटॉप उघडणं हा पँट्रीचा अपमान आहे. जाता जाता, ते टोमॅटो सूप अजून मिळतं का?

खिडकीची_सीट (१३ फेब्रुवारी, सकाळी १०:२४)

पोमोदोरो सूप म्हणा. मिळतं.

परका_भाडेकरू (१३ फेब्रुवारी, दुपारी १२:१५)

सगळे हसताय, हसा. मी मूळचा बांद्याचा, सहा वर्षं नोकरीसाठी शिवोलीत भाड्याने राहिलो. गेल्या वर्षी मालकाने खोली सोडायला सांगितली. मला महिन्याला जे भाडं होतं, ते लॅपटॉपवाले पाहुणे त्याला आठवड्यात देतात. आता मी बांद्याहून मोटरसायकलने जातो-येतो, पत्रादेवीचा नाका ओलांडून, रोज. तुमची एकाग्रता होवो न होवो, माझी झोप गेली.

पेठेबाहेरचा (१३ फेब्रुवारी, दुपारी १२:४०)

त्यात धागाकर्त्याची काय चूक? मालकाने भाडं वाढवलं, मागणी आहे म्हणून.

माडाखालचा (१३ फेब्रुवारी, दुपारी १२:५८)

चूक कोणाची ते राहू द्या, पण तो बोलतोय ते खरं आहे. माझा भाचा शिक्षक आहे, त्याला पर्वरीत दोन खोल्या मिळेनात. महिनाभर राहणारा निदान पोदेराकडून पाव घेतो, शेजाऱ्याचं नाव विचारतो. तीन-तीन रात्रींनी गाव बदलणारा कोणालाच ओळखत नाही. अर्धाचहा, तुमच्या शेजाऱ्यांचं नाव काय?

व्यवस्थापक (१३ फेब्रुवारी, दुपारी १:१०)

भाड्याचा विषय महत्त्वाचा आहे, त्यावर वेगळा धागा काढावा. इथे मूळ प्रश्नावर यावे.

अर्धाचहा (१३ फेब्रुवारी, रात्री ११:३०)

परका_भाडेकरू, यावर काय बोलावं कळत नाही. माझी खोलीही आधी कोणाची तरी असणार, हे मी विचारलंच नव्हतं.

माडाखालचा, नाव माहीत नव्हतं. आज विचारलं. शेजारच्या आजींनी नाव सांगितलं आणि लगेच विचारलं, 'तूं दीसभर कितें करता रे?' एकवीस दिवसांचं उत्तर देता आलं नाही.

टेबल शोधतोय.

खडूस_मॅनेजर (१४ फेब्रुवारी, सकाळी ९:००)

आजींना कामावर घ्या. रोज संध्याकाळी तोच प्रश्न विचारायला.

अर्धाचहा (१७ मार्च, दुपारी १:२०)

धागा वर काढतोय. विचारणारे तिघे-चौघे व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) आले, म्हणून एकदाच लिहितो.

खोली मार्चअखेरपर्यंत वाढवली आणि त्यानंतर एकही रात्र दुसरीकडे राहिलो नाही. म्हापशाहून जुनं टेबल आणलं, साडेआठशे रुपये. टेम्पोवाल्याने तीनशे वेगळे घेतले. एक पाय आखूड आहे, त्याखाली नारळाची करवंटी. टेबल खिडकीपाशी लावलं होतं, फेरीबोट यांचं वाचून भिंतीकडे फिरवलं. पोदेराच्या भोंग्याला उठणं पहिले चार दिवस जमलं नाही. पाचव्या दिवशी आजींनी माझेही चार उंडे घेऊन ठेवले आणि दार वाजवलं. तेव्हापासून न उठायची सोय राहिली नाही. साडेसहा ते साडेबारा होतं. रोज होत नाही, आठवड्यातले चार दिवस होतं. पोमोदोरो फक्त कंटाळवाण्या कामाला वापरतो, बग शोधताना तो घंटी मारून उलट घोळ करतो. ग्रंथालयात दोनदा गेलो. दुसऱ्यांदा चार्जर घरी विसरलो आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त काम झालं, कारण बॅटरी साडेतीन तासांचीच होती.

वायरमनचं भाकीत खरं ठरलं. अमेरिकेची घड्याळं पुढे गेली आणि सूर्यास्त मीटिंगमध्ये गेला. दोन दिवस चिडचिड झाली. मग दुपारची झोप तासाभराने कापली आणि समुद्र सकाळी नेला, उंडे खाऊन ऊन आल्यावर अर्धा तास, काम मग साडेसातला. हा पश्चिमेचा किनारा, सकाळी सूर्य पाठीमागून येतो. माडांच्या सावल्या वाळूवरून थेट पाण्यापर्यंत गेलेल्या असतात आणि सावलीतली वाळू इतकी गार असते की अनवाणी चालताना पट्टे पायाला कळतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर मीही दोरीला हात लावतो. परवा वाट्याचे सहा बांगडे मिळाले. आजींना दिले, त्यांनी दुपारी आमटीसकट परत केले.

शनिवारी अजूनही मन खातं. त्यावर उपाय सापडलेला नाही.

३१ ला पुण्याला परततोय. ड्रिल चालूच आहे, आईने फोनवर ऐकवलं. माडाखालचा, देव बरें करूं. परका_भाडेकरू, मालकाला तुमच्याबद्दल सांगितलं, वर्षभराच्या भाडेकरूला देईन म्हणाला, पण आकडा ऐकून मीच गप्प झालो. तरी नंबर व्यनि केलाय, घासाघीस करून पाहा.

परका_भाडेकरू (१७ मार्च, दुपारी २:०५)

मिळाला. बोलून बघतो. आभार.

सोलकढी (१७ मार्च, दुपारी २:३०)

बांगड्याच्या आमटीत तिरफळं होती का? एवढं लिहिलंत आणि मुद्द्याचं राहिलं.

खडूस_मॅनेजर (१७ मार्च, रात्री ९:४५)

सहज विचारतो. ते टेबल खोलीतच सोडून जाणार आहात का? परका_भाडेकरू यांचं जमलं नाही तर एप्रिलमध्ये खोली रिकामी असेल ना? भाडं व्यनि करावं.

बोंबीलभाऊ (१७ मार्च, रात्री ९:४७)

सर, कॅमेऱ्यात माड दिसतोय.